थॉमस चषकानंतरचा प्रश्न : भारतीय बॅडमिंटन संघाची दुसरी दुहेरी जोडी कुठून येणार?

गोदाकाठ (नांदेड)

१५ मे २०२२ रोजी बँकॉकमध्ये भारताने इंडोनेशियाला ३-० असे हरवून थॉमस चषक, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा, जिंकला. तिच्या एका लढतीत तीन एकेरी आणि दोन दुहेरी असे पाच सामने असतात आणि तीन जिंकणारा संघ लढत जिंकतो. चौदा वेळा हा चषक उचललेल्या संघाला आपण एकही सामना जिंकू दिला नाही, आणि मलेशिया, इंडोनेशिया, चीन, डेन्मार्क व जपान यांच्यानंतर हा चषक जिंकणारा सहावा देश ठरलो. त्या विजयाचे कौतुक भरपूर झाले आणि ते योग्यच होते. मात्र त्या स्पर्धेचे निकाल आज शांतपणे वाचले, तर एक गोष्ट डोळ्यांत खुपते.

उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाविरुद्ध आणि उपांत्य फेरीत डेन्मार्कविरुद्ध आपण ३-२ असे जिंकलो, आणि दोन्ही लढतींचा क्रम अगदी सारखा होता. पहिल्या एकेरीत लक्ष्य सेन हरला (एकदा ली झी जियाकडून, एकदा व्हिक्टर अॅक्सेलसनकडून), सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी व चिराग शेट्टी यांनी बरोबरी साधली, किदम्बी श्रीकांतने आघाडी मिळवून दिली, दुसरी दुहेरी आपण गमावली आणि शेवटी एच. एस. प्रणॉयला पाचवा सामना जिंकावा लागला. डेन्मार्कविरुद्ध तर प्रणॉयचा पाय मुरगळलेला होता, तरीही त्याने रासमुस गेमकेला १३-२१, २१-९, २१-१२ असे हरवले.

पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत (ती २०२३ मध्ये झाली) अंतिम लढतीत चीनविरुद्ध आपण २-० असे पुढे होतो. पाठीच्या दुखण्यामुळे प्रणॉय नव्हता. श्रीकांत हरला, दुसरी दुहेरी गेली, पाचवा सामनाही गेला आणि सुवर्णाऐवजी रौप्यपदक हाती आले. २०२४ मध्ये चेंगडूच्या थॉमस चषकात उपांत्यपूर्व फेरीत चीननेच १-३ असे घरी पाठवले, आणि तो निर्णायक चौथा सामना पुन्हा दुसऱ्या दुहेरीचाच होता.

माझे मत असे की, आपल्याकडे एकेरीचे उत्तम खेळाडू आहेत आणि एक जागतिक दर्जाची जोडी आहे. पण जोपर्यंत दुसरी जोडी तयार होत नाही, तोपर्यंत आपला संघ प्रत्येक वेळी पाचव्या सामन्यापर्यंत जीव मुठीत धरूनच जाणार. म्हणून प्रश्न विचारतो. आपल्या मराठवाड्यात संध्याकाळी कोणत्याही हॉलमध्ये गेलात, तर सगळीकडे दुहेरीच चाललेली दिसते. एकेरी खेळायला कोर्ट रिकामे मिळतच नाही. मग दुहेरीवर वाढलेल्या या भागातून दुहेरीचे खेळाडू का घडत नाहीत?

रेषेवरचा (छत्रपती संभाजीनगर)

आपण दिलेले निकाल मान्य आहेत, निष्कर्ष मान्य नाही. थॉमस आणि महिलांच्या उबेर चषकात पाच सामन्यांपैकी तीन एकेरीचे असतात. तीन भक्कम एकेरी खेळाडू आणि एक भक्कम जोडी असली, तर दुसऱ्या जोडीविनाही चषक जिंकता येतो आणि भारताने तो तसाच जिंकून दाखवला. जिंकलेल्या पद्धतीलाच आपण उणीव म्हणत आहात.

हांगझोऊमध्ये आपण दुसऱ्या दुहेरीमुळे हरलो, असे म्हणण्यापेक्षा तिसऱ्या एकेरीला प्रणॉय नसल्यामुळे हरलो, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. मिथुन मंजुनाथला आयत्या वेळी वेंग होंगयांगसमोर उभे राहावे लागले. २०२२ मध्ये आपली खरी ताकद हीच होती की, आपला तिसरा एकेरी खेळाडू इतर बहुतेक संघांच्या तिसऱ्या खेळाडूपेक्षा कितीतरी वरचा होता. हाती पैसा व वेळ मर्यादित असेल, तर मी तो चौथा आणि पाचवा एकेरी खेळाडू घडवण्यात घालीन.

तुळईखाली (जालना)

आमच्या हॉलमध्ये दुहेरी नव्हे, तिहेरी चालते. तिसरा भिडू म्हणजे छताची लोखंडी तुळई. ती कधी आमच्या बाजूने खेळते, कधी समोरच्यांच्या. उंच लिफ्ट मारली की शटल तिच्यावर आदळून खाली येते आणि मग "लेट धरायचा की फॉल्ट", म्हणजे गुण पुन्हा खेळायचा की गमावला समजायचा, यावर जो वाद रंगतो, तो मूळ सामन्यापेक्षा लांबतो.

जुना पंच (परभणी)

तुळईच्या वादाचा निकाल देऊन टाकतो. शटल छताला किंवा भिंतीला लागले, तर नियमानुसार तो फॉल्ट आहे. छत ठेंगणे असेल, तर स्थानिक संघटनेला स्पर्धेपुरता वेगळा नियम करता येतो. परंतु तो स्पर्धा सुरू होण्याआधी सांगितलेला असला पाहिजे. गुण गेल्यावर आठवलेला नियम चालत नाही.

आता मूळ विषय. "तीन एकेरी भक्कम ठेवा" हे बोलायला सोपे आहे, पण एक बाब दोघांनीही लक्षात घेतलेली दिसत नाही. सांघिक स्पर्धेत एकेरीचा पहिला, दुसरा, तिसरा हा क्रम जागतिक क्रमवारीवरून ठरतो. आपला बलवान खेळाडू मुद्दाम खाली ठेवण्याची मुभा कर्णधाराला नसते. प्रणॉय तिसरा खेळला, कारण क्रमवारीत तो लक्ष्य आणि श्रीकांत यांच्या मागे होता. तो योग जुळून आला होता. दुहेरीत मात्र संघ व्यवस्थापनाला थोडी मोकळीक असते, कारण नेहमीच्या जोड्या फोडून नवी जोडी उभी करता येते. बँकॉकच्या अंतिम लढतीत इंडोनेशियाने तेच केले. मोहम्मद अहसान नेहमी हेंद्रा सेतियावानबरोबर खेळायचा आणि केविन संजया मार्कस गिडिऑनबरोबर. त्या दिवशी अहसान आणि केविन एकत्र उतरले. जोडी ऐन वेळी जुळवलेली, पण दोघेही अव्वल. त्यामुळे पहिला गेम त्यांनी २१-१८ असा घेतला आणि पुढचे दोन गेम आपल्या जोडीला २३-२१, २१-१९ असे अक्षरशः ओढून आणावे लागले. ज्या देशात दुहेरीचे चार-सहा अव्वल खेळाडू असतात, तो देश एक खेळाडू जायबंदी झाला म्हणून कोलमडत नाही. आपल्याकडे सात्त्विकचा खांदा दुखला, तर पहिली दुहेरीही गेली आणि दुसरी तर गेलेलीच होती. तेव्हा गोदाकाठ यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

लातूरची लेक

धाग्याचे शीर्षक "भारतीय बॅडमिंटन संघ" असे आहे आणि एवढ्या प्रतिसादांत महिला संघाचा उल्लेख नाही, म्हणून लिहिते आहे. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी मलेशियातील शाह आलम येथे भारतीय महिलांनी थायलंडला ३-२ असे हरवून आशियाई सांघिक अजिंक्यपद मिळवले. त्याच स्पर्धेत गटात चीनला आणि उपांत्य फेरीत जपानला त्यांनी नमवले होते. अंतिम लढतीत पी. व्ही. सिंधू आणि त्रिसा जॉली व गायत्री गोपीचंद यांची जोडी जिंकली, अश्मिता चालिहा हरली, दुसरी दुहेरी हरली आणि २-२ अशा बरोबरीवर अनमोल खरब ही सतरा वर्षांची फरिदाबादची मुलगी कोर्टवर उतरली. जागतिक क्रमवारीत ती ४७२व्या स्थानावर होती. तिने तो सामना २१-१४, २१-९ असा जिंकला.

गोदाकाठ यांच्या मुद्द्याला याने बळ मिळते, कारण इथेही दुसरी दुहेरी गेलीच. आणि रेषेवरचा यांच्या मुद्द्यालाही मिळते, कारण तिसऱ्या एकेरीनेच तारले. मला यातून तिसरीच गोष्ट दिसते. ४७२व्या क्रमांकाच्या मुलीला निर्णायक सामन्यात उतरवण्याचे धाडस कुणीतरी केले. आमच्याकडे त्या वयाच्या मुलीच्या हातात रॅकेट शिल्लक तरी असते का?

लातूर पॅटर्न हा शब्द इथल्या कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही. माझ्याबरोबर शाळेत खेळणाऱ्या मुलींची जिल्हा पातळीवर चांगली फळी होती. आठवीपर्यंत सगळ्या यायच्या. नववीत फाउंडेशनची शिकवणी लागली की सरावाची वेळ आणि शिकवणीची वेळ एकच व्हायची, आणि कोणती सोडायची हा प्रश्न घरात विचारलाही जात नसे. एकेरी खेळणारी एखादी हट्टाने एकटी टिकते. जोडीतली एक गेली की दुसरीही जाते, कारण तिला पुन्हा नव्या मुलीबरोबर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दुहेरीचे खेळाडू का घडत नाहीत, याचे माझ्यापुरते उत्तर हे आहे.

शटलचोर (बीड)

ताईंशी शंभर टक्के सहमत. आमच्या जोडीतला माझा भिडू आज हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि मी त्याचा रुग्ण आहे.

नेटजवळ (छत्रपती संभाजीनगर)

मी मुलांना शिकवतो, त्यामुळे मूळ प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो. आपल्या हॉलमध्ये जे चालते, ती दुहेरी नसते. कोर्ट कमी, खेळणारे जास्त, म्हणून एका कोर्टवर चौघांना उभे केलेले असते. चौघांपैकी प्रत्येक जण आपापल्या अर्ध्या भागात एकेरीच खेळत असतो. डावीकडचा उजवीकडे जात नाही, मागचा पुढे येत नाही, आणि दोघांच्या मधून शटल गेले की दोघेही एकमेकांकडे पाहतात.

खरी दुहेरी सर्व्हिसपासून सुरू होते. चिराग शेट्टीची सर्व्हिस एकदा सावकाश लावून पाहा. रॅकेटचे डोके खाली, शटल दोन बोटांत पिसांच्या टोकाशी धरलेले आणि मागे सात्त्विक पाय फाकवून गुडघ्यात वाकलेला. शटल नेटच्या पट्टीवरून जेमतेम वर जाते. जरा उंच गेले तर समोरचा ते तिथल्या तिथे खाली मारतो. सर्व्हिस होताच चिरागची रॅकेट छातीच्या उंचीवर आलेली असते, कारण परतीचा फटका नेटजवळ पडला तर तो त्याचा आणि मागे गेला तर सात्त्विकचा, हे शटल सुटण्याआधीच ठरलेले असते. आक्रमण करताना एक पुढे, एक मागे. शटल उचलावे लागले की लगेच दोघे शेजारी-शेजारी. ही अदलाबदल डोक्याने विचार करून होत नाही. ती इतक्या वेळा घोटावी लागते की पायांनाच समजले पाहिजे, आणि ती एकाच भिडूबरोबर घोटावी लागते.

आता आमच्याकडे काय होते ते सांगतो. शिबिरात सगळी मुले एकेरीचीच तयारी करतात. जिल्हा निवड चाचणी जवळ आली की एकेरीत लवकर बाद झालेल्या दोघांना दुहेरीत टाकतात. म्हणजे दुहेरी हा उरलेल्यांचा विभाग. ज्वाला गुट्टा कित्येक वर्षे हीच तक्रार करत होती की, या देशात दुहेरीला दुय्यम वागणूक मिळते. तिने आणि अश्विनी पोनप्पाने २०११ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, तरी चित्र लगेच पालटले नाही. चित्र पालटले ते परदेशी दुहेरी प्रशिक्षक आल्यावर. मलेशियाच्या टॅन किम हर यांनी अमलापुरमचा सात्त्विक आणि मुंबईचा चिराग यांची जोडी जमवली. दोघेही मागून जोरदार मारणारे, म्हणून कुणाच्या डोक्यात ही जोडी आली नसती. पुढे डेन्मार्कच्या मथियास बो यांनी तिला धार लावली. २०२३ मध्ये ही जोडी आशियाई विजेती झाली, हांगझोऊला आशियाई सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी जागतिक क्रमवारीत पहिले स्थानही मिळाले. म्हणजे जोड्या घडवता येतात, पण त्यासाठी कुणीतरी दुहेरीच शिकवणारा लागतो.

रेषेवरचा (छत्रपती संभाजीनगर)

सर, आपले सर्व्हिसचे वर्णन मन लावून वाचले. तरीही विचारतो, आपल्या शिबिरात आपण किती जोड्यांना फक्त दुहेरीच शिकवता?

नेटजवळ (छत्रपती संभाजीनगर)

एकाही नाही. पालक शुल्क भरताना पहिला प्रश्न "सिंधूसारखी होईल का?" असा विचारतात. "त्रिसासारखी होईल का?" असे विचारणारा पालक अजून भेटलेला नाही.

उदगीरकर बाबा

तो पालक मी आहे असे समजा आणि माझी बाजूही ऐका.

माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना स्थानिक प्रशिक्षकांनी "याला बाहेर न्या" असे सांगितले. आमच्या भागातून बाहेर म्हणजे पुणे किंवा हैदराबाद. अनेकांना आश्चर्य वाटेल, पण उदगीर-नांदेडच्या माणसाला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचे वाटते. रस्ता कमी, नातेवाईक तिकडे, वडीलधाऱ्यांना भाषा समजते, आणि गोपीचंद यांच्या अकादमीचे नाव घराघरांत गेलेले. आम्ही तिकडच्याच एका छोट्या केंद्रात मुलाला ठेवले. खोलीभाडे, खाणावळ, शुल्क, बूट, गटिंग (रॅकेटच्या तारा) आणि शटल. या सगळ्यात शटलचा खर्च सर्वांत दुष्ट, कारण ते दिवसाला उडून जाते आणि मागे काही उरत नाही.

आता मला सांगा, इतका खर्च करणाऱ्या बापाने मुलाला दुहेरीत घालावे का? एकेरीत त्याचे यश-अपयश त्याच्या हाती असते. दुहेरीत दुसऱ्याच्या मुलाचा गुडघा, दुसऱ्याच्या मुलाची दहावी, दुसऱ्याच्या बापाची बदली या सगळ्यांवर आपल्या मुलाचे भवितव्य अवलंबून. हैदराबादला मुलाची एक जोडी जमली होती आणि चांगली खेळत होती. भिडूच्या वडिलांची बदली विजयवाड्याला झाली आणि जोडी संपली. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे मान्य. पण ते प्रमाणपत्र मिळण्याइतकी मजल जोडीने मारायची, तर दोन घरांनी एकाच वेळी तग धरावा लागतो.

सावली (परभणी)

बाबा, मुलगा आता काय करतो?

उदगीरकर बाबा

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महाविद्यालयाच्या संघात दुहेरी खेळतो.

खोखोवाला (धाराशिव)

मी बॅडमिंटनचा माणूस नाही, तरी लिहितो. आमच्या जिल्ह्याच्या सारिका काळे भारतीय खो-खो संघाच्या कर्णधार झाल्या आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. बीडच्या राहुल आवारेने २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक आणले. त्याच बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिकपर्यंत गेला. मैदान, माती आणि रस्ता यांवर जे खेळ होतात, त्यांत मराठवाड्याने माणसे दिली. छत लागणाऱ्या खेळात दिली नाहीत. हा प्रश्न एकेरी-दुहेरीचा नसून छताचा आहे, असे मला वाटते. आमच्या खो-खोत पोरांना एकमेकांशी जुळवून घ्यायला शिकवावे लागत नाही. आठ जण रांगेत बसतात, उठतात, नववा पाठलाग करतो, आणि खांब सोडला की कोण कुठे जाणार हे एकमेकांना ठाऊक असते.

पुण्याचा पाहुणा (मूळ अंबाजोगाई)

छताचा मुद्दा निघालाच आहे, म्हणून जरा इतिहास. या खेळाचे नियम एकोणिसाव्या शतकात पुण्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये आकाराला आले आणि त्या काळी या खेळाला "पूना" असेच म्हणत. म्हणजे खेळ आपल्या राज्यातला. पुढे सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूरला जाऊन सेलांगर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून आले. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत ते होते. आणि भारताने १९५२, १९५५ व १९७९ मध्ये थॉमस चषकाच्या उपांत्य टप्प्यापर्यंत मजल मारली होती, हे २०२२च्या जल्लोषात फार कमी लोकांनी सांगितले. त्या काळी एका लढतीत नऊ सामने असत, पाच नव्हे. चार दुहेरीचे आणि पाच एकेरीचे. म्हणजे तेव्हा दुहेरीची खोली आजच्यापेक्षाही अधिक लागत असे.

रेषेवरचा (छत्रपती संभाजीनगर)

माहिती उत्तम आहे, पण नऊमध्येही एकेरी पाच आणि दुहेरी चारच. माझे गणित अबाधित राहते.

गोदाकाठ (नांदेड)

आपले गणित फक्त थॉमस आणि उबेर चषकापुरते अबाधित राहते. सुदिरमान चषक घ्या. ती मिश्र सांघिक स्पर्धा आहे. पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी. पाचांत तीन दुहेरी. त्या स्पर्धेत भारताला आजवर एकही पदक नाही; २०११ आणि २०१७ मध्ये उपांत्यपूर्व फेरी हीच सर्वोत्तम मजल, आणि २०२५ मध्ये शियामेन येथे डेन्मार्क व इंडोनेशिया या दोघांकडून १-४ असे हरून आपण गटातूनच परतलो. सायना, सिंधू, श्रीकांत, प्रणॉय, लक्ष्य अशी एकेरीची परंपरा असलेल्या देशाची ही अवस्था आहे. उलट २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत मिश्र सांघिक सुवर्ण मिळाले, तेव्हा अंतिम फेरीत मलेशियाविरुद्ध पहिलाच विजय सात्त्विक आणि अश्विनी यांनी मिश्र दुहेरीत मिळवून दिला होता, आणि मग श्रीकांतने ली चोंग वेईला हरवले. चार वर्षांनी बर्मिंगहॅमला त्याच मलेशियाकडून १-३ असे हरलो.

चौथा आणि पाचवा एकेरी खेळाडू घडवून सुदिरमान चषकात काय करणार? तिथे तर पुरुषांचा एकच एकेरी सामना असतो.

रेषेवरचा (छत्रपती संभाजीनगर)

सुदिरमानचा मुद्दा बिनतोड आहे. तरी थॉमस चषकाबाबत मी माझ्या जागी ठाम आहे. पुढच्या थॉमस चषकाच्या वेळी बोलू.

जुना पंच (परभणी)

दोघांच्या वादात एक ताजी गोष्ट राहून गेली. २०२५ मध्ये गुवाहाटीला झालेल्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेत भारताला मिश्र सांघिक प्रकारात पहिल्यांदाच कांस्यपदक मिळाले. तिथे गुणांची पद्धत निराळी होती: एका सामन्याचे गुण पुढच्या सामन्याला जोडले जातात, त्यामुळे एखादी दुबळी जोडी नुसता तिचा सामना घालवत नाही, तर मागच्यांनी कमावलेली आघाडीही खाऊन टाकते. अशा पद्धतीत आपली मुले पदकापर्यंत पोहोचली, याचा अर्थ देशात कुठेतरी दुहेरीची पेरणी झालेली आहे. ती आपल्याकडे झालेली नाही, एवढेच.

लातूरची लेक

मग आता मूळ प्रश्नावर येऊ. नेटजवळ सर, पालक मागत नाहीत म्हणून तुम्ही शिकवत नाही, आणि तुम्ही शिकवत नाही म्हणून पालकांना माहीत नाही. हे चक्र कुठून तोडायचे?

नेटजवळ (छत्रपती संभाजीनगर)

स्पर्धांपासून. पालक आणि मुले दोघेही स्पर्धा पाहून सराव ठरवतात. आपल्या भागातल्या बहुतेक खुल्या स्पर्धांत एकेरीचे बक्षीस मोठे आणि दुहेरीचे बक्षीस दोघांत वाटून घ्यायचे असते. त्यात नोंदणी करताना कुणीही कुणाबरोबरही नाव देतो. माझ्या मते दोन बदल पुरेत. एक, वयोगटाची सांघिक लीग घ्यावी आणि तिच्यात पाचपैकी तीन सामने दुहेरीचे ठेवावेत, म्हणजे दुहेरीशिवाय संघच जिंकू शकणार नाही. दोन, जोडी हंगामाच्या सुरुवातीला लिहून द्यायची आणि दुखापत सोडून कोणत्याही कारणाने बदलायची नाही. असे झाले, तर मला माझ्या शिबिरात आठवड्यातले दोन दिवस नाइलाजाने दुहेरीला द्यावेच लागतील, आणि तो नाइलाज मला आवडेल.

उदगीरकर बाबा

"जोडी बदलायची नाही" हा नियम बापांना घाबरवील. त्याऐवजी तिघांचा गट करा. तिघांपैकी कोणतेही दोघे उतरतील. एकाची परीक्षा आली तरी उरलेले दोघे खेळतील, आणि दुखापत झाली तरी गट मोडणार नाही. पंचकाकांनी इंडोनेशियाचे जे उदाहरण दिले, तेही हेच सांगते की चांगला दुहेरी खेळाडू दुसऱ्याबरोबरही उभा राहतो.

नेटजवळ (छत्रपती संभाजीनगर)

बाबा, हा नियम माझ्यापेक्षा चांगला आहे. तिघांत अदलाबदल करताना डावा-उजवा, पुढचा-मागचा असे सगळेच शिकावे लागेल. मान्य.

सावली (परभणी)

मुलींचे गट स्वतंत्र असावेत आणि त्यांचे सामने दुपारी संपावेत. रात्री नऊच्या सामन्याला मुलींना कुणी पाठवत नाही, आणि मग आयोजक "मुलींच्या नोंदी आल्या नाहीत" असे लिहून मोकळे होतात.

तुळईखाली (जालना)

आमचा हॉल देतो. भाडे नको. तुळईचा नियम मात्र पंचकाकांनी आधी लिहून द्यावा.

जुना पंच (परभणी)

देतो. शटल तुळईला लागले तर लेट, सर्व्हिसमध्ये लागले तर फॉल्ट. सर्व्हिसची उंची मात्र सवलतीने पाहणार नाही. शटल मारताना ते जमिनीपासून १.१५ मीटरच्या खालीच असले पाहिजे. आंतरराष्ट्रीय सामन्यात त्यासाठी सर्व्हिस पंचासमोर खुणेची पारदर्शक पट्टी असते. आपण खांबाला चिकटपट्टी लावू.

शटलचोर (बीड)

सगळे ठरले, पण मुख्य खर्चाचे काय? पिसांच्या शटलचे भाव वाढलेले आहेत, आणि मे महिन्यात जालन्याच्या उन्हात हवा इतकी पातळ होते की नेहमीचे शटल मागच्या रेषेबाहेरच जाते. उन्हाळ्यात कमी वेगाचे, म्हणजे ७५ किंवा ७६ क्रमांकाचे शटल लागेल. की नायलॉनवर भागवायचे?

नेटजवळ (छत्रपती संभाजीनगर)

दहा-बारा वर्षांच्या गटाला नायलॉन चालेल. त्यापुढे पिसाचेच हवे. नायलॉनचे शटल नेटजवळ पिसाच्या शटलसारखे गिरकी घेत नाही आणि झटकन खाली बसत नाही. त्यावर शिकलेली सर्व्हिस पिसाच्या शटलवर चालत नाही. दुहेरी शिकवायची आणि सर्व्हिस चुकीची बसवायची, याला अर्थ नाही. मे महिनाच टाळू या. दिवाळीनंतर घेतली, तर शाळेच्या परीक्षाही नसतात आणि हवाही नेमकी असते.

गोदाकाठ (नांदेड)

दिवाळीनंतर ठरवू. शटलच्या निम्म्या खर्चाची जबाबदारी नांदेडच्या आमच्या संध्याकाळच्या गटाने घेतली आहे. उरलेल्या निम्म्यासाठी शटलचोर यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञ मित्राला विचारावे.

शटलचोर (बीड)

विचारले. "आधी वजन कमी कर, मग बोलू" असे म्हणाला. तीन डबे देतो म्हणाला, पण त्याच्या मुलीला गटात घ्यायचे ही अट आहे. ती सहावीत आहे आणि डावखुरी आहे.

नेटजवळ (छत्रपती संभाजीनगर)

डावखुरी असेल तर अट न घालताही घेतली असती. बीडहून शनिवारी आणता येईल का, तेवढे विचारा.